हळदीचा बाण

२४ नोव्हेंबर, सोमवार

डायरी लिहायची मला कधी हौस नव्हती. बियाण्याच्या कंपनीनं दर दिवाळीला दुकानात एक डायरी आणून द्यायची आणि माझ्या बायकोनं, मिनानं, ती लोणच्याच्या बरणीखाली ठेवायची, असा आमच्या घरचा रिवाज. यंदा मात्र मी ती बरणीखालून काढून घेतली. तेलाचा एक गोल डाग आहे पहिल्या पानावर. असू दे.

कारण असं की माझ्या पोरीच्या, प्रतिक्षाच्या, शाळेत गाईडचं पथक निघालं. संध्या मॅडम म्हणून नव्या बाई आल्यात, त्यांनी काढलं. निळा ड्रेस, गळ्यात रुमाल, आणि बाहीवर बिल्ले शिवायला जागा. जागा आहे, बिल्ले अजून नाहीत. ते मिळवायचे.

आज पालकांची मीटिंग होती. मॅडमनं सांगितलं की बिल्ला पोरीला मिळणार, पण शिकायचं घरानं. पोरगी शिकवणार आणि घरातलं मोठं माणूस शिकणार. मी मागून उठून विचारलं, "मॅडम, हे उलटं छापलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही सर, बराबर आहे." मला सर म्हणाल्या. बाई समजूतदार वाटली. तरी मी मनाशी ठरवलं की शिकवणार मीच. बी-बियाणं, फवारणी, सगळ्या शिवाराला मी शिकवतो, आणि आता सातवीतल्या लेकराकडून शिकायला बसू काय.

चार बिल्ले झाले की जानेवारीत मेळाव्याला जायचं. तंबूत मुक्काम, दोघीदोघींना एक तंबू. गेल्या साली शाळेच्या सहलीला निघायच्या दिवशीच प्रतिक्षाला ताप भरला. बस गेली. ही गोधडी पांघरून पायरीवर बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली, रडली सुद्धा नाही. मला ते बघवलं नव्हतं. यंदा ती गेलीच पाहिजे, मग काय वाटेल ते होवो. तंबूतली जोडीदारीण कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, "बघू पप्पा, ठरायचंय."

शेजारच्या घरातली पण एक पोरगी पथकात आहे. त्या घराबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

लिहायचंच झालं तर एवढंच, की ते घर माझ्या मोठ्या भावाचं, संतरामदादाचं. पोरगी त्याची कोमल. मधी एक दगडी भिंत. दोन वर्षं बोलचाल बंद आहे. कळमनुरीला मावसभावाच्या पोरीचं लग्न होतं. टोपी-टॉवेलाच्या मानाला माइकवाल्यानं आधी माझं नाव पुकारलं. तो माझ्या दुकानातला गिऱ्हाईक, त्याला माझंच नाव पाठ. यात माझा काय दोष? मी गेलो, टोपी घातली, फोटो काढला. दादा मोठा, तो मांडवातच बसलेला. न जेवता उठून गेला. फोटो चांगला आला होता. भिंतीवर लावला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पहिला बिल्ला, स्वयंपाकाचा. जो कधी चुलीपाशी जात नाही त्यानं भाकरी करायची. आमच्या घरात असा माणूस एकच.

मी आधी प्रतिक्षाला समोर बसवून समजावलं, की स्वयंपाक म्हणजे मुळात नियोजन असतं. ती म्हणाली, "पप्पा, पाणी जास्त झालं." मी म्हणालो, नियोजनात थोडं कमीजास्त होतं. मग पीठ टाकलं. मग परत पाणी. शेवटी परातीत एवढं पीठ झालं की मिनानं न बोलता मोठी परात आणून ठेवली.

पहिली भाकरी परातीला चिकटली. दुसरी माझ्या हाताला. तिसरी तव्यापर्यंत गेली, पण तव्यावर पडली ती घडी होऊन. मिना तोंडात पदर कोंबून बसली होती. प्रतिक्षा मात्र हसली नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि थापायचं कसं ते दाखवलं, "अंगठा असा फिरवा पप्पा, भाकरीला फिरवू नका, भाकरी तुमाला फिरवून राहिली." पाचवी की सहावी भाकरी जमली. गोल नव्हती, पण भाकरी आहे हे ओळखू येत होतं.

संध्याकाळी मॅडम आल्या. त्यांनी भाकरी मोडली. मोडली म्हणण्यापेक्षा फोडली. खाल्ली आणि बिल्ला दिला. म्हणाल्या, "शिकणाऱ्यानं इतका त्रास दिला तरी शिकवणारी चिडली नाही, हे मला आवडलं." म्हणजे माझं नियोजन त्यांना पटलं.

भाकरीसोबत मिनानं ठेचा वाढला. चव ओळखीची. असा तीळ घालून ठेचा माझ्या माहितीत एकच बाई करते, ती म्हणजे आमची शकुवहिनी, दादाची बायको. मी विचारलं, "हा ठेचा कुठला?" मिना म्हणाली, "वाटीतला." वाटीवर नाव खोदलेलं होतं, पण माझा चष्मा दुकानात राहिला होता. दोनदा मागून घेतला.

३० नोव्हेंबर, रविवार

गाठींचा बिल्ला. या विषयात मला कोणी शिकवायची गरज नाही, मी पोती बांधण्यात जन्म घातला. प्रतिक्षा सांगत होती की एक गाठ अशी असते की ओढली की घट्ट होते, आणि दुसरी अशी की ओढली की सुटते, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. मी म्हणालो, दे इकडं, म्हशीवरच दाखवतो.

गाठ छान झाली. मी चहा प्यायला बसलो. म्हशीनं ओढली.

भिंतीला वळसा घालून म्हैस सरळ दादाच्या अंगणात गेली आणि त्याच्या कडब्याच्या गंजीत तोंड घालून उभी राहिली. मी आणायला जाणार कसा? त्या उंबऱ्याशी मी दोन वर्षांत गेलो नाही. मी आपला ओट्यावरून "हड हड" करत राहिलो. मग दादाच तिला कासऱ्याला धरून घेऊन आला. आमच्या दावणीपाशी उभा राहिला आणि म्हशीच्या कानाशी बोलला, पण आवाज असा की ओट्यापर्यंत यावा.

"म्हशे, तुला सांगून राहिलो. ज्याला गाठ मारता येत न्हाई त्यानं जनावर पाळू नये."

मी पण म्हशीलाच म्हणालो, "म्हशे, तुला सांगतो. दोन पेंढ्यासाठी एवढी तकलीफ झाली असंल तर पेंढ्या परत देऊ."

"म्हशे, पेंढ्या कोण मागितल्या?"

म्हैस एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. रवंथ करायची पण थांबली. मग दादानं तिला खुंट्याला बांधलं. गाठ अशी मारली की म्हशीनं दोनदा हिसका दिला तरी हलली नाही. ती गाठ प्रतिक्षानं मला दाखवलेलीच होती. कोमलनं शिकवली असणार त्याला. जाता जाता म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाकी बरं हाय ना सगळं? दुकान चालतं ना?"

म्हशीला कुठलं आलंय दुकान. वय झालं की माणसाचं डोकं असं भरकटतं. मला वाईट वाटलं जरा.

ती गाठ मी मग दादाची बघून बघून शिकलो. प्रतिक्षाला बिल्ला मिळाला.

५ डिसेंबर, शुक्रवार

प्रथमोपचाराचा बिल्ला. मी पेशंट व्हायचं, आणि नंतर तिच्यावर बांधून दाखवायचं. मी म्हणालो, पेशंटचं काम सोपं आहे, गप बसायचं.

पोरीनं मला ओट्यावर बसवलं. डोक्याला पट्टी, एक हात गळ्यात अडकवलेला, पायाला दोन्ही बाजूनं फळ्या, आणि जबडा मोडला तर कसं बांधायचं म्हणून हनुवटीखालून डोक्यापर्यंत एक रुमाल आवळून. मग ती मॅडमला दाखवायला बोलवायला गेली. जाताना म्हणाली, "पप्पा, हलू नका, मेहनतीनं बांधलंय." मी हललो नाही.

तेवढ्यात केशरबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ही बाई गल्लीच्या टोकाला राहते आणि गावातली कुठलीही बातमी तिच्याशिवाय पुढं सरकत नाही. ती थांबली. माझ्याकडं बघितलं. घागर तिथंच ठेवून माघारी पळाली. चहा उकळायच्या आत ओट्याखाली अर्धं गाव. कोणी म्हणतंय मोटारसायकलवरून पडला, कोणी म्हणतंय म्हशीनं मारलं. एकानं केळी आणली. मी सांगून राहिलो की खोटं आहे, पण जबडा आवळलेला, तोंडातून नुसतं "ओओ आहे, ओओ आहे" निघायचं. ते ऐकून केशरबाईनं डोळ्याला पदर लावला.

आणि दादा आला. पळतच. पायात चप्पल नाही, डोक्यावर टोपी नाही, एका गालाची दाढी झालेली आणि दुसऱ्या गालाला साबण. फाटकाला धरून उभा राहिला. मी मोकळ्या हातानं खूण केली की काही नाही झालेलं. तेवढ्यात प्रतिक्षा आणि मॅडम आल्या, आणि प्रतिक्षा सगळ्यांना म्हणाली, "बाजूला व्हा, माझं मार्कांचं काम हाय." दादानं हे ऐकलं. खाली मान घालून गालाचा साबण पुसला, म्हशीकडं बघून "नाटकं" एवढंच म्हणाला आणि गेला.

माझी फजिती बघायला माणूस दाढी अर्धी टाकून पळत येतो. एवढा काहून राग धरावा माणसानं, मला कळत नाही.

तिसरा बिल्ला मिळाला. केळी पण ठेवून घेतली.

७ डिसेंबर, रविवार

आज सकाळी दादा ओढ्याकाठानं खाली मान घालून फिरत होता. दोन पावलं जायचा, वाकायचा, जमिनीकडं बघायचा, परत चालायचा. मागून कोमल आणि मॅडम. मी दुकान उघडायचं सोडून बघत उभा राहिलो. मला वाटलं हरवलं असंल काही.

नंतर प्रतिक्षानं सांगितलं, तो खाणाखुणांचा बिल्ला. पोरीनं रस्त्यावर दगडांच्या, काड्यांच्या खुणा मांडायच्या. घरातल्या मोठ्या माणसानं, ज्याला रस्ता अजिबात माहीत नाही त्यानं, त्या खुणा वाचत वाचत शेवटापर्यंत जायचं. दादा गेला. कोमलचे चारही बिल्ले झाले. शाळेच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि दादा, जो लग्नात सुद्धा हसत नाही, तो हसत होता. दात दिसले त्याचे.

आता आमचा नंबर पुढच्या रविवारी. हे एवढं झालं की प्रतिक्षा तंबूत. आमचा रस्ता त्यायच्यापेक्षा चांगला झाला पाहिजे.

१० डिसेंबर, बुधवार

प्रतिक्षानं खुणा शिकवल्या. आज मी मधी बोललो नाही, ऐकलं. बाण म्हणजे या दिशेनं जा. दोन काड्या एकमेकीवर आडव्या म्हणजे या वाटेनं येऊ नका. आणि शेवटी गोल, त्याच्या मधोमध एक ठिपका, म्हणजे घरी पोचलो, काम झालं.

"पप्पा, एकच गोष्ट," ती म्हणाली. "शनिवारी मी आणि मम्मी मांडणार. तुमी बिलकुल बघायचं न्हाई. रस्ता माहीत झाला की बिल्ला गेला. मॅडम परत संधी देत न्हाईत, यादी सोमवारी जाते."

मी म्हणालो, "मी काय लहान हाय का?"

ती म्हणाली, "शपथ घ्या." घेतली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून घेतली, कारण ती म्हणाली देवाची तुमी मोडता.

१३ डिसेंबर, शनिवार

दोघी मायलेकी दुपारभर दगडं वेचून फिरत होत्या. मी दुकानातून मुद्दाम तोंड फिरवून दुसऱ्या गल्लीनं आलो. प्रतिक्षा जेवताना दोनदा हसली, कशाला ते सांगितलं नाही. ड्रेसला इस्त्री करून खुंटीला लावलाय.

१४ डिसेंबर, रविवार

रात्री सगळे झोपल्यावर लिहितो.

पहाटे मी परसाकडं जायला निघालो. वाटेत शाळेच्या कोपऱ्यावर पायाला काहीतरी लागलं. बघितलं तर दगडांचा बाण. एवढाएवढासा. माझ्या पायानंच तो अर्धा मोडला होता. मी टॉर्च मारून नीट केला. आणि मनात आलं, ट्रॅक्टर गेला तर? कुत्रं लोळलं तर? दादाच्या वेळी कोमलनं चांगले धोंडे ठेवले होते, आणि आमच्या लेकराचे हे गारगोटीएवढे. तंबू या गारगोट्यांवर अडकलेला.

मी घरी गेलो आणि हळदीचा डबा आणला. घरच्या रानातली हळद, लांबून दिसेल अशी. प्रत्येक बाणावर मूठमूठ टाकून तो ठळक केला. हळदीवर शोभेला ठिपके, देवघरातल्या कुंकवाचे. फार छान दिसायला लागलं. बघू नको म्हणाली होती ते मला आठवत होतं, पण मी बघत नव्हतो, मी दुरुस्त करत होतो.

असं करत करत बाण कुठं गेले तर दादाच्या फाटकाशी. आणि तिथला बाण आत, त्याच्या अंगणाकडं वळलेला. मी म्हणालो, इथं लेकराचा गोंधळ झाला, अंधार पडला असंल मांडताना. तो बाण उचलून मी आमच्या फाटकाकडं वळवला. आणि चुकून कोणी आत जाऊ नये म्हणून दादाच्या उंबऱ्यासमोर बाभळीच्या दोन काड्या आडव्या ठेवल्या, त्यावर हळद, त्यावर कुंकू. काड्या घरंगळायला लागल्या, म्हणून त्याच्याच झाडाखाली पडलेलं एक लिंबू टेकण दिलं.

येऊन परत झोपलो. समाधानानं झोप लागली.

जाग आली ती केशरबाईच्या ओरडण्यानं. "भानामती! संतरामच्या दारात भानामती!"

मी बाहेर आलो तर गल्ली भरलेली. लेकरं घरात कोंडलेली, बायका लांब भिंतीला टेकून. हळदीवर कोणी पाय ठेवीना. शाळेपासून पिवळे बाण आलेले आणि दादाच्या दारात लिंबू, कुंकू, काटेरी काड्या. उजेडात बघितल्यावर मला पण घाम फुटला, आणि मी तर स्वतः मांडलेलं. एक जण म्हणाला देवऋषी आणा. दुसरा म्हणाला पोलिसाला फोन करा. आणि मग केशरबाई म्हणाली, "पण संतरामचं वाकडं कोणाशी हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बनियनवर उभा. हात कोपरापर्यंत पिवळे.

कोणी काही बोलायच्या आत दादा दारातून बाहेर आला. काड्यांसमोर थांबला, वाकून बघितलं. मला वाटलं आता हा मला सगळ्या गावासमोर उभाआडवा झोडणार.

"भानामती बिनामती काही न्हाई," तो म्हणाला. "कोमलनं मला शिकवलंय हे. काड्या आडव्या म्हणजे ह्या वाटेनं येऊ नये." काड्यांकडं बोट केलं. "कोणीतरी लिहून ठेवलंय की ह्या घरी येऊ नये. एवढंच हाय. जा आपापल्या घरी."

हे तो म्हशीला म्हणाला नाही. म्हैस दावणीला होती. खाली मातीकडं बघून म्हणाला. आज माझ्या जबड्याला पट्टी नव्हती, तरी मला बोलता येईना.

आणि त्याच वेळी प्रतिक्षा आली, मॅडमच्या सोबत. इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात रुमाल, बाहीवर तीन बिल्ले. तिनं पिवळे बाण बघितले. माझे हात बघितले. रडली नाही. सहलीच्या दिवशी बघत होती तशीच बघत राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमी बघणार नव्हता."

मी गर्दीसमोर सगळं सांगितलं. हळद माझी, कुंकू माझं, लिंबू दादाचं. कोणीतरी हसलं. केशरबाई म्हणाली, "हातात एवढी हळद आन् अक्कल चिमूटभर न्हाई." मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मग तुम्हाला रस्ता माहीत झाला. प्रतिक्षाच्या आईनं तर मांडायला मदत केली. आता घरातलं दुसरं कोणी मोठं माणूस लागेल. आहे का कोणी?"

मिना माझ्याकडं बघत होती. मग भिंतीपलीकडून कोमलचा आवाज आला, "माझे पप्पा हायत की. त्यायला हा रस्ता माहीत न्हाई."

मॅडमनं दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सर, हे तुमच्या घरातले आहेत का?"

साधा प्रश्न. त्यांना गावातलं काही माहीत नाही, नव्या आहेत. प्रतिक्षा माझ्याकडं बघत नव्हती, ती तिच्या बाहीवरच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवत होती.

मी गेलो आणि त्या काड्या उचलल्या. काटा बोटात घुसला, घुसू दे. लिंबू उचलून खिशात घातलं. बनियनला खिसा नसतो, ते खाली पडलं आणि गडगडत गटारात गेलं.

"व्हय," मी म्हणालो. "घरातलेच हायत. माझ्याहून मोठे हायत." आणि मग दादाला, सरळ त्यालाच, "दादा, तू म्होरं हो."

दादानं टोपी नीट केली आणि म्हणाला, "वळवलेला बाण सरळ कर आधी. लेकराचं बराबर होतं."

प्रतिक्षानं बाण आत वळवला. दादा शाळेपासून निघाला, खाली मान घालून, एकेक बाण वाचत, आणि आमी सगळं गाव त्याच्या मागून. तो स्वतःच्याच अंगणात परक्यासारखा शिरला. गोठ्यावरून, गंजीच्या मागून, भिंतीपर्यंत. मला वाटलं इथं संपलं, पुढं भिंत. पण तिथं भिंतीला खिंडार होतं. चांगलं माणूस जाईल एवढं. खाली पायरीसारखा दगड लावलेला, तो पायांनी झिजलेला, आणि बाजूला वाट्या ठेवायला सपाट फरशी. मी दोन वर्षं या भिंतीच्या अलीकडं राहतो. कडब्याआड असल्यानं दिसलं नसावं.

"हे कवा पडलं?" मी मिनाला विचारलं.

"कुत्र्यायनं पाडलं असंल," ती म्हणाली.

"मांजरं पण असतेत," शकुवहिनी म्हणाल्या.

दादा त्या खिंडारातून आमच्या परसात उतरला. स्वयंपाकघराच्या दारासमोर गोल होता, मधी एक ठिपका. तो तिथं थांबला आणि मॅडमला म्हणाला, "घरी पोचलो. असंच हाय ना?"

मॅडम म्हणाल्या, "असंच आहे," आणि तिथल्या तिथं बिल्ला काढून प्रतिक्षाच्या हातात दिला. तेव्हा कुठं ती रडली. माझ्या बनियनला धरून रडली, सगळा ड्रेस पिवळा झाला.

मी आत गेलो. घरात दुसरं काही नव्हतं, कंपनीच्या टोप्या होत्या, वर 'एकरी भरघोस' लिहिलेल्या, आणि एक नवा टॉवेल. दोन्ही घेऊन आलो. दादाची टोपी काढली, ही घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. दादा म्हणाला, "टोपी मोठी हाय." मी म्हणालो, "कंपनीची हाय." मग कोमल मोबाइल घेऊन म्हणाली, "दोघं जवळ उभं राहा," आणि दादा एक पाऊल पुढं येऊन उभा राहिला. मी मागं राहिलो. चहा चारदा झाला.

१५ डिसेंबर, सोमवार

यादी गेली. दादाचे तळपाय अजून पिवळे आहेत, वहिनी म्हणतात सतरंजीवर चालू देत नाही. माझे हात पण तसेच. आज दुकानात एक गिऱ्हाईक विचारत होता, लग्नाबिग्नाची हळद लागली का म्हणून.

तंबूतली जोडीदारीण ठरली. कोमल. मी प्रतिक्षाला विचारलं, कधी ठरलं हे? म्हणाली, "नोव्हेंबरातच, पप्पा." नोव्हेंबरात तर दोन घरांची बोलचाल बंद होती, ठरणार कसं? लेकरू हुशार आहे, पण महिन्यांमध्ये गोंधळ आहे तिचा. तेवढं मी शिकवीन.

दादा सकाळी खिंडारातून आला होता. म्हशीला काही बोलला नाही. म्हैस बराच वेळ त्याच्याकडं बघत होती.

कालचा फोटो छापून आणून भिंतीवर लावला. दादा पुढं, अख्खा, टोपी कानापर्यंत. मागं माझा एक कान आणि पिवळा हात तेवढा आलाय. चांगला आलाय फोटो.